स्वेटरचा गळा: डोकं अडतं ते शेवटच्या ओळीत

विदर्भाच्या थंडीत स्वेटर दिवसातून निदान दोनदा डोक्यावरून जातो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाट कडाक्याची आणि दुपार उन्हाची, असाच प्रकार असतो. रात्रीच्या लाईनवर, म्हणजे रात्री वीज असते तेव्हा, गव्हाला ओलित करायला निघालेला माणूस स्वेटर घालून जातो, ऊन चढलं की काढून धुऱ्यावर ठेवतो आणि दिवस मावळला की पुन्हा चढवतो. या प्रत्येक वेळी सगळा ताण येतो तो गळ्याच्या कडेवर. बाह्या लांब झाल्या तर दुमडता येतात, अंग सैल झालं तरी चालून जातं. गळा चुकला तर मात्र स्वेटर पेटीतच राहतो.

गळ्याच्या तक्रारी दोनच. एक तर तो डोक्यातून जात नाही, नाहीतर महिन्याभरात ढगळ होऊन लोंबतो. दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: प्रत्येक टाक्यात दोरा किती राखून ठेवला आहे?

लोकरीचा दोरा हातात धरून ओढला तर तो फारसा लांब होत नाही, आणि तरी त्याच दोऱ्याची वीण दीडपट ताणली जाते. बाजेची सुतळी सरळ सरळ ओवलेली असते. ती एकदा सैल पडली की आपोआप परत घट्ट होत नाही, बाज पुन्हा आवळावी लागते. विणकामात दोरा सरळ नसतो, तो फासासारखा वळलेला असतो. वीण आडवी ओढली की टाक्याच्या उभ्या पायांतला दोरा सरकून आडव्या भागात येतो, टाका बुटका आणि रुंद होतो. सोडलं की वाकवलेला दोरा आपल्या मूळ वळणावर येऊ पाहतो आणि टाका पुन्हा उभा राहतो. म्हणजे गळा किती ताणेल, हे त्या टाक्यात किती दोरा अडकवला आहे यावर ठरतं. दोरा संपला की ताणही संपला.

साध्या सुलट विणीची कड मात्र गुंडाळली जाते. त्यात प्रत्येक फास मागून पुढे ओढलेला असतो, सगळ्या दोऱ्याचा बाक एकाच अंगाला असतो. त्यामुळे वरची-खालची कड पुढच्या बाजूला वळते आणि उभ्या कडा मागच्या बाजूला. एक सुलट, एक उलट अशी रीब घातली की शेजारच्या रांगांचे बाक एकमेकांविरुद्ध जातात आणि पट्टी सपाट राहते. शिवाय सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे दबतात, त्यामुळे वीण चुण्या घातल्यासारखी आवळते. रीब ताणताना आधी या चुण्या उलगडतात आणि मग टाके रुंदावतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या एलिसाबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये चार विणींचं मोजमाप प्रसिद्ध केलं: साधी सुलट, गार्टर (दर ओळ सुलट), रीब आणि दाण्याची (सुलटावर उलट, उलटावर सुलट). दोरा तोच ठेवून नुसत्या सुलट-उलटाच्या मांडणीने कापडाचा ताठपणा किती बदलतो, हे त्यांनी तपासलं. आडव्या ताणाला सर्वांत सहज मानते ती रीब. घरोघरच्या बायकांनी गळ्याला रीब घातली, ती याच अनुभवावर.

आता प्रत्यक्ष गळा. चार पदरी लोकर, अंग १० नंबरच्या सुयांवर (३.२५ मिमी), १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी, असा मोठ्या बाईचा स्वेटर धरू. मागचा गळा १८ सेंमी रुंद, म्हणजे ५० टाके. पुढचा गळा ९ सेंमी खोल, म्हणजे ३२ ओळी. पुढे मधले २० टाके बंद न करता पिनेवर (मोकळे टाके धरून ठेवणाऱ्या मोठ्या पिनेवर) काढलेले आणि दोन्ही बाजूंना १५-१५ टाके कमी करत नेलेले.

गळ्याच्या कडेला रीबची पट्टी विणायची. तिच्या सुया दोन नंबर बारीक घ्यायच्या, म्हणजे १२ नंबर. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नव्याने शिकणारीला आधीच सांगून ठेवावं. दोन सुयांवर पट्टी करायची असेल तर फक्त उजवा खांदा शिवून डावा मोकळा ठेवायचा. गोल सुई किंवा दोन्हीकडून टोकदार अशा चार सुया असतील तर दोन्ही खांदे आधी शिवायचे. सुलट बाजू आपल्याकडे धरायची आणि घालणाऱ्याच्या डाव्या खांद्यापासून पुढच्या गळ्याकडे उतरत टाके उचलायचे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे. उभ्या कडेवर प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर गळ्याला झालर येते. कारण टाका रुंद असतो आणि ओळ बुटकी: ३६ ओळींची उंची १० सेंमी, तर २८ टाक्यांची रुंदी १० सेंमी. म्हणून चार ओळींना तीन टाके. तीन लागोपाठ उचलायचे, चौथी ओळ सोडायची. ३२ ओळींना २४ टाके होतात. पिनेवरच्या आणि मागच्या गळ्याच्या टाक्यांना एकास एक.

सुई घालायची ती कडेपासून एक अख्खा टाका आत. अगदी कडेचा एकच पदर उचलला तर ताण त्या एका पदरावर येतो आणि पट्टीच्या मुळाशी भोकांची रांग दिसते. एक टाका आत गेलं की सुईवर दोन पदर येतात, कड मागे दुमडते आणि रेघ स्वच्छ बसते. पिनेवरचे टाके संपून तिरकी कड सुरू होते त्या दोन कोपऱ्यांत भोक हमखास पडतं. तिथे एकेक टाका जास्त उचलायचा आणि पुढच्या ओळीत तो मागच्या पदरातून, पीळ देऊन विणायचा. पिळामुळे फास आवळतो आणि भोक मिटतं. आता हिशेब: मागचे ५०, मधले २०, दोन्ही बाजूंचे कोपऱ्यासकट २५-२५, एकूण १२०. दोन सुयांवर विणत असाल तर शिवणीसाठी दोन्ही टोकांना एकेक टाका जास्त, म्हणजे १२२.

पट्टी अडीच सेंमी, साधारण ९-१० ओळी. वर्तुळात १ सेंमी आत सरकलं की घेर ६ सेंमीहून थोडा जास्तच कमी होतो, त्यामुळे अडीच सेंमीची पट्टी सपाट बसायला तिची आतली कड जवळजवळ १६ सेंमीने लहान व्हावी लागते. बारीक सुई आणि रीबचं आवळणं हे काम बरंचसं स्वतःच करतात. तरी कड उभी राहून हनुवटीला लागत असेल तर शेवटच्या चार ओळी १३ नंबरवर विणाव्यात.

यानंतर टाके बंद करायचे, आणि चांगला जमलेला गळा बहुतेक वेळा इथेच बिघडतो. नेहमीच्या पद्धतीत एक टाका दुसऱ्यावरून ओढून टाकतात. त्याने कडेवर आडवी साखळी तयार होते. साखळीतला दोरा आधीच कडेच्या दिशेने पसरलेला असतो, रुंदावायला त्याच्याकडे उभे पाय उरलेलेच नसतात. खाली रीब कितीही ताणली तरी वरची साखळी तिला धरून ठेवते. जोर लावला की दोरा तुटतो आणि गळा उसवतो.

म्हणून मोजून बंद करायचं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५४ ते ५८ सेंमी असतो, त्यात अंबाडा धरला तर थोडा जास्तच. ५६ सेंमी धरून १२० ने भागलं तर प्रत्येक टाक्याला ४.७ मिमी ताणता आलं पाहिजे. दहा टाके बंद झाले की थांबा, तेवढी कड मोजपट्टीवर ताणून बघा. पावणेपाच सेंमीपर्यंत सहज जायला हवी. चारवरच अडली तर दहा टाके उसवणं सोपं आहे, एकशे वीस उसवणं जिवावर येतं.

सैल बंद करायचे तीन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घेऊन सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत बंद करणं. दुसरा, प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा एक वेढा जास्त देणं: सुलट टाक्याआधी उजव्या सुईवरून दोरा मागून पुढे आणायचा, उलट टाक्याआधी पुढून मागे न्यायचा, टाका विणायचा आणि तो वेढा टाक्यावरून ओढून सोडायचा. मग दोन टाके झाले की नेहमीसारखं एकावरून दुसरा. हा वेढा म्हणजेच राखीव दोरा.

तिसरा मार्ग शिवून बंद करण्याचा. त्याला वेळ लागतो, पण गोल गळ्याला तोच सर्वांत चांगला. ताणलेल्या घेराच्या तिप्पट दोरा, म्हणजे पावणेदोन मीटर, राखून कापायचा आणि बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ओवायचा. पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई घालून दोरा ओढायचा. मग एकट्या पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे सुई परत आणायची आणि तो टाका सुईवरून उतरवायचा. पुढचे दोन टाके, पुन्हा एक, असं शेवटपर्यंत. दोरा आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. कड नागमोडी बसते आणि ताणली की नागमोड उलगडते. पट्टी दुप्पट, म्हणजे २० ओळींची विणून आत दुमडून मोकळे टाकेच सैल हाताने शिवून टाकले, तरी असाच फायदा होतो आणि गळा जास्त दिवस टिकतो.

व्ही गळ्याला ही काळजी नको. तोंड मोठं असल्याने डोकं सहज जातं, आणि कड उलट थोडी घट्टच बंद करावी, सैल राहिली तर छातीवर उघडी पडते. टोकाचा मधला टाका खूण करून ठेवायचा. प्रत्येक फेरीत तो आणि आधीचा, असे दोन टाके एकदम सुलटासारखे न विणता उचलायचे, पुढचा विणायचा आणि दोन्ही त्यावरून सोडायचे. मधली रांग सरळ वर येते.

लहान मुलांचा गळा वेगळा विचार मागतो. वर्षाच्या मुलाचं डोकं ४५-४६ सेंमी असतं आणि मान त्याच्या जवळपास निम्मी. एवढा फरक कुठलीही रीब आरामात भरून काढत नाही. पुढचे-मागचे दोन्ही टाके पिनेवर ठेवा आणि डावा खांदा ५-६ सेंमी उघडा ठेवून दोन बटणं लावा. बटणं दुहेरी दोऱ्याने पक्की शिवा, सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. गळ्यात नाडी ओवून गोंडे लावायची हौस मात्र बाळाच्या स्वेटरला नको. नाडी कशात तरी अडकून मानेला फास बसू शकतो.

मोठ्यांच्या जड स्वेटरला मागचा गळा मोकळ्या हाताने बंद करून मगच टाके उचलावेत. स्वेटरचा सगळा भार तिथे लटकतो, आणि पिनेवरून घेतलेले टाके त्या भाराने हळूहळू खाली येतात.

आठवडी बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. तुकडा जाळून बघितला की कळतं: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून टणक काळा मणी होतो. फरक गळ्याला महत्त्वाचा आहे. लोकरीच्या तंतूतलं केराटिन वेटोळ्यांचं असतं, ते ताणून पुन्हा आखडतं. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि त्याच आकारात थंड होतं. कोळशाच्या इस्त्रीचा ताव आपल्या हातात नसतो, म्हणून रीबवर ती कधीच फिरवू नये. एकदा चपटी झालेली रीब परत आवळत नाही. सुती दोऱ्याची पट्टीही टाळावी. कापूस आपल्या घरचा असला तरी सुतात ताणून परत येण्याचा गुण कमी. घोंगडीच्या लोकरीचे तंतू जाड असतात, ते मानेला टोचतात.

धुतलेला स्वेटर दोरीवर खांद्याने टांगू नका. पाण्याचा भार गळ्यावर येतो आणि ओली लोकर तशीही जास्त ताणते. हाताने दाबून पाणी काढा, सावलीत बाजेवर कापड टाकून आडवा पसरा, पट्टी बोटांनी आवळून जागेवर बसवा.

जुन्या स्वेटरचा गळा ढगळ झाला असेल तर अख्खा स्वेटर मोडायची गरज नाही. पट्टी बंद केली होती तिथलं शेवटचं टोक शोधायचं. शिवून बंद केली असेल तर तो दोरा कापून काढावा लागतो. मग उचललेल्या टाक्यांपर्यंत उसवायचं आणि ते टाके बारीक सुईवर घ्यायचे, म्हणजे ओघळत नाहीत. सुटलेला दोरा नागमोडी असतो. त्याची लड करून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली हलकं वजन बांधून वाळवायची. नवी पट्टी विणताना पहिल्याच ओळीत दर बारा टाक्यांमागे एक टाका कमी करा. १२० चे ११० होतात. बंद करताना तेवढंच जास्त सैल ठेवा, कारण आता प्रत्येक टाक्याला ५.१ मिमी ताणायचं आहे.