सीरियल पोर्टची नक्कल आणि वेळेचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचे मशिनिंग करणाऱ्या एखाद्या शॉपमध्ये विशी-पंचविशी ओलांडलेले सीएनसी, म्हणजे संगणकी प्रोग्रामवर चालणारे, यंत्र अजून दोन पाळ्यांत चालताना दिसले, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. स्पिंडलचे बेअरिंग बदलले, बॉल स्क्रू दुरुस्त करून घेतला, की असे यंत्र पुन्हा काही वर्षे मापात काम देते; त्याला प्रोग्राम पुरवणारा संगणक मात्र तितका टिकत नाही. तो बंद पडला की प्रोग्राम चढवण्याचे डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून ते इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाच्या यंत्रसामग्रीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवले जाते. पडद्यावर सगळे पूर्वीसारखे दिसते, फाइल पाठवायला सुरुवातही होते, आणि तरी प्रोग्राम अर्ध्यावर तुटून पॅनेलवर अलार्म येतो. मग केबल बदलली जाते, सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी संगणकाची जोडणी, बदलला जातो, ऑपरेटरला दोन शब्द ऐकवले जातात. दोष मात्र पुष्कळदा नकलेत असतो, आणि तो तिथे कसा शिरला हे पाहायचे तर काही दशके मागे जावे लागते.

इम्युलेटर ही कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली, तेव्हा तिच्यापुढे एक सरळ व्यापारी अडचण होती. १९५९ साली आलेल्या १४०१ या संगणकासाठी ग्राहकांनी लिहून घेतलेले प्रोग्राम नव्या यंत्रावर चालणार नव्हते, आणि ते पुन्हा लिहिण्याचा खर्च करायला कोणी राजी नव्हते. यंत्राच्या आतला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा अमलात आणणारा मूळचा कोड, आणि वरचे सॉफ्टवेअर यांच्या जोडीने जुन्या संगणकाच्या आज्ञा नव्यावर चालवण्याची सोय करण्यात आली, आणि इम्युलेटर हे नावही आयबीएममध्येच रूढ झाले. उद्यमनगरातल्या शॉपमालकाला हा पेच वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रोसेसरची नक्कल तुलनेने सरळ असते, कारण प्रत्येक आज्ञेचे उत्तर ठरलेले असते. बाहेरच्या उपकरणांशी बोलणाऱ्या भागांचे तसे नाही. आरएस-२३२ हे मानक १९६० साली ठरले ते टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्या जोडणीसाठी. पुढे तेच सीएनसी नियंत्रकांना प्रोग्राम भरण्याचा रस्ता झाले. त्याआधी प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचले जात, आणि त्या काळाची खूण म्हणून आजही कित्येक प्रोग्रामच्या पहिल्या व शेवटच्या ओळीत नुसते टक्क्याचे चिन्ह असते. १९८१ साली आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या सीरियल पोर्टमागे ८२५० ही चिप होती. १.८४३२ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला सोळाने भागले की सेकंदाला १,१५,२०० बिट हा तिचा वरचा वेग मिळतो, आणि इतर सगळे वेग त्याला पुन्हा भागून येतात.

८२५० मध्ये आलेले अक्षर ठेवायला जागा एकाचीच होती. दुसरे येण्याआधी प्रोग्रामने पहिले उचलले नाही तर ते गेलेच. नंतरच्या १६५५० या चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग आली, पण पहिल्या आवृत्तीत ती रांगच सदोष निघाली आणि दुरुस्त चिप १६५५०ए या नावाने आली. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर एका नोंदवहीचे, म्हणजे रजिस्टरचे, वरचे दोन बिट पाहते: दोन्ही बिट एक असतील तर रांग वापरण्याजोगी, वरचा एकच असेल तर तिच्या नादी लागू नये. इम्युलेटर लिहिणाऱ्याला ही चूक आणि तिची दुरुस्ती या दोन्हींचा इतिहास माहीत असावा लागतो, कारण जुने प्रोग्राम तो गृहीत धरूनच लिहिलेले आहेत.

डॉसवरचे प्रोग्राम या चिपशी थेट बोलत. पहिल्या पोर्टचा पत्ता ३एफ८, व्यत्ययाची, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याची, ओळ चार, एवढे ठाऊक असले की मध्ये कोणाची परवानगी लागत नसे. विंडोज एनटी घराण्याने हा थेट मार्ग बंद करून डॉस प्रोग्रामना पोर्टची नक्कल पुरवली, आणि विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत डॉस प्रोग्राम चालवण्याची ती सोयच राहिली नाही. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपल्यावर जुने संगणक बदलण्याला आणखी एक कारण मिळाले. तोवर पर्याय तयार होते. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा इम्युलेटर मुळात जुन्या खेळांसाठी लिहिलेला होता. फाब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू हा इम्युलेटर २००३ साली आला तो अधिक व्यापक हेतूने. क्यूईएमयूतली सीरियल पोर्टची नक्कल सुरुवातीला १६४५० या रांग नसलेल्या चिपची होती आणि १६५५०एची नक्कल तिच्यात नंतर घालण्यात आली. खेळांसाठी लिहिलेली नक्कल लेथवर आणून बसवली की काही तरी निसटणारच, आणि याचा दोष ती लिहिणाऱ्यांच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही.

सीरियल पोर्टचे जे दोष शॉपमध्ये त्रास देतात ते बहुतेक वेळेचे असतात. प्रोग्राम घेता घेता नियंत्रकाची जागा भरत आली की तो संगणकाकडे डीसी३ हे, म्हणजे १९ क्रमांकाचे, अक्षर पाठवतो. त्याचा अर्थ थांब. जागा झाली की डीसी१, म्हणजे १७ क्रमांकाचे, अक्षर पाठवतो. त्याचा अर्थ पुढे चालू दे. फानुक या कंपनीच्या बऱ्याच नियंत्रकांवर ०८७ हा अलार्म नेमका इथे येतो: थांब म्हटल्यानंतरही दहा अक्षरे येऊन गेली आणि प्रवाह थांबला नाही, तर बफर, म्हणजे आलेली अक्षरे तात्पुरती ठेवण्याची जागा, ओसंडला असे नियंत्रक जाहीर करतो. शेजारचा ०८५ हा बिटांच्या किंवा पॅरिटीच्या, म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेल्या बिटाच्या, गफलतीचा आणि ०८६ हा समोरचे उपकरण तयार नसल्याचा. पॅनेलवरचा आकडा नीट वाचला तर निम्मे निदान तिथेच होते, पण घाईत रिसेट दाबून तो पुसला जातो.

आता हिशेब करून पाहू. प्रत्येक अक्षरामागे आरंभाचा एक बिट, मजकुराचे सात, पॅरिटीचा एक आणि शेवटचे दोन धरले तर अकरा बिट होतात. ४८०० च्या वेगाने एका अक्षराला सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा अक्षरांची मुदत सुमारे २३ मिलिसेकंदांची. ९६०० वर तीच मुदत साडेअकरा मिलिसेकंदांवर येते. नव्या संगणकाला सीरियल पोर्ट नसल्याने मध्ये यूएसबी कन्व्हर्टर बसतो, आणि एफटीडीआय या कंपनीच्या चिप असलेल्या कन्व्हर्टरमध्ये, सेटिंग बदलले नसेल तर, एखादे एकटे अक्षर संगणकाकडे पाठवण्याआधी १६ मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहिली जाते, कारण अनेक अक्षरे एकत्र पाठवणे यूएसबीला सोयीचे असते. थांब हे अक्षर नेमके एकटेच येते. म्हणजे ४८०० वर कसेबसे निभावते आणि ९६०० वर डॉसच्या प्रोग्रामला थांब कळण्याआधीच मुदत संपलेली असू शकते. वेग कमी केल्यावर चालते हा शॉपमधला अनुभव आहे, आणि त्याचे कारण केबलच्या दर्जात शोधण्याऐवजी या सोळा मिलिसेकंदांत शोधलेले बरे.

याच्या जोडीला दुसरी अडचण जाण्याच्या बाजूची असते. खऱ्या चिपमध्ये पाठवण्याचे रजिस्टर रिकामे झाले की पुढचे अक्षर टाकायचे, असा शिरस्ता आहे. नकलेत इम्युलेटर अक्षर हाती पडताच ते नव्या संगणकाच्या कार्यप्रणालीच्या स्वाधीन करतो आणि रजिस्टर रिकामे झाल्याचे सांगून मोकळा होतो. आतला प्रोग्राम भराभर अक्षरे टाकत जातो, ती कार्यप्रणालीच्या आणि कन्व्हर्टरच्या रांगांत साचतात, आणि थांब कळल्यावर प्रोग्राम प्रामाणिकपणे थांबला तरी रांगेतली अक्षरे यंत्राकडे जातच राहतात. यावरची दुरुस्ती दोन ठिकाणी होते. इम्युलेटरमध्ये, अक्षराला वेगानुसार लागणारा वेळ खरोखर जाऊ दिल्यावरच रजिस्टर रिकामे दाखवायचे. आणि बाहेर, कन्व्हर्टरची प्रतीक्षा एक-दोन मिलिसेकंदांवर आणायची, किंवा थांबण्याची जबाबदारी कन्व्हर्टरच्या चिपमध्ये सोय असेल तर तिच्यावरच सोपवायची. वाजवीपेक्षा जलद नक्कल दुसरीकडेही आडवी आली आहे. आभासी यंत्रांत चालणाऱ्या लिनक्सच्या नोंदींत चौथ्या व्यत्ययाच्या ओळीवर फार काम असल्याची तक्रार कित्येक वर्षे उमटत होती. पोर्ट कधी भरतच नसल्याने ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट हाताळणारे सॉफ्टवेअर, आपल्या ठरलेल्या फेऱ्या संपेपर्यंत त्यातच फिरत राही.

उलट्या बाजूचा, म्हणजे उशिराचा, नमुना वजनकाट्यावर पाहता येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या काट्यावर चढतात तेव्हा काट्याचा इंडिकेटर वजनाची छोटी ओळ आरएस-२३२ वरून संगणकाकडे देतो. १६५५०एची रांग चौदा अक्षरे भरल्यावर कळवण्यासाठी लावली असेल आणि ओळ आठच अक्षरांची असेल, तर एरवी ती तिथेच पडून राहिली असती. म्हणून खरी चिप चार अक्षरांइतका वेळ शांततेत गेला की जे काही आहे ते उचला असा व्यत्यय देते. चिपच्या माहितीपत्रकातली ही एका परिच्छेदाची तरतूद नकलेत राहून गेली, तर वजनाची ओळ पुढच्या वाहनाची ओळ येईपर्यंत अडकते आणि मग दोन्ही जोडून येतात. डॉसबॉक्समध्ये थेट पोर्ट जोडताना आरएक्सडिले हा मिलिसेकंदांतला आकडा देता येतो तो याच घराण्यातल्या, आतला प्रोग्राम अक्षर घ्यायला तयार नसण्याच्या प्रसंगासाठी.

उपकरणाशी बोलण्यातली चूक गैरसोयीपुरती राहत नाही हे २०१५ च्या मे महिन्यात जगजाहीर झाले. क्यूईएमयूतल्या फ्लॉपी नियंत्रकाच्या नकलेत आज्ञा आणि माहिती ठेवणाऱ्या बफरची एक खूण काही आज्ञांनंतर शून्यावर येत नव्हती, त्यामुळे आतल्या प्रोग्रामला बफरच्या हद्दीपलीकडे लिहिता येत होते, आणि हा दोष २००४ पासून तसाच होता. व्हेनम या नावाने तो गाजला. फ्लॉपी कोणी वापरत नसले तरी तिच्या नियंत्रकाची नक्कल अनेक ठिकाणी मुकाट चालू होती. दुरुस्ती म्हणून ती खूण बफरच्या मर्यादेतच राहील असे बंधन घालण्यात आले.

असे दोष हुडकण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. दोन्ही बाजूंच्या अक्षरांची वेळेसह नोंद करायची, तोच प्रोग्राम खऱ्या पोर्टवरून पाठवून त्याची नोंद शेजारी ठेवायची, आणि पहिला फरक कुठे पडतो ते पाहायचे. त्याआधी पंचवीस पिनांचा कनेक्टर उघडून पाहणेही हिताचे, कारण पुष्कळ केबलमध्ये चार-पाच आणि सहा-आठ-वीस या पिना आपापसांत जोडून टाकलेल्या असतात. अशा केबलवर यंत्राला समोरचा संगणक कायम तयारच दिसतो आणि थांबवण्याचा सगळा भार त्या डीसी३ अक्षरावर येतो. खरा पोर्ट मिळवणेही अवघड नाही, पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसणारी सीरियल कार्डे अजून विकत मिळतात. ज्या शॉपमध्ये यंत्र थांबले की पाळीचा जॉब अडतो, तिथे आधी असे कार्ड बसवून यंत्र चालू करावे आणि इम्युलेटरचा शोध नंतर सवडीने घ्यावा, असे माझे मत आहे.