एचआरव्ही कमी दाखवलं म्हणून घाबरण्याआधी वेगस समजून घ्या

नागपूरच्या अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली शुगर-बीपीच्या जोडीला एक नवीन आकडा आलाय, एचआरव्ही, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचं माप. मुलांनी घेऊन दिलेलं स्मार्टवॉच मनगटावर असतं आणि मग सुरू होतं, तुमचा किती, आमचा किती. परवा ओळखीच्या एका काकांनी मला थांबवलं, चेहरा पार उतरलेला. म्हणे, "मॅडम, माझं एचआरव्ही २२ च दाखवून राहिलं, सुनेचं ६० येते. मले आतून काही टेन्शन बसलं का?" व्हॉट्सॲपवर आलेला मेसेजही दाखवला त्यांनी, त्यात लिहिलं होतं की एचआरव्ही कमी म्हणजे मनात दाबून ठेवलेल्या भावना. आणि त्यांच्या सोबतच्या गृहस्थांना बरोबर उलटा प्रश्न पडलेला, की ठोके कमीजास्त होणं चांगलं कसं काय, हृदय तर घड्याळासारखं एका लयीत चाललं पाहिजे ना.

मी फिजिऑलॉजी शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे चालता चालता ते उत्तर संपणं शक्यच नव्हतं. म्हणून नीट लिहून काढतेय.

तर आधी हे, की निरोगी हृदय एका लयीत चालतच नाही. नाडी मिनिटाला ६९ असं घड्याळ सांगतं तेव्हा ती सरासरी असते. ईसीजी काढून प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं तर काहीसं असं दिसेल: ८१२ मिलिसेकंद, मग ८७४, मग ९३१, मग ८६६. शेजारशेजारच्या अंतरांतला फरक काढा, ६२, ५७, ६५. त्यांचे वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या, तिचं वर्गमूळ काढा, उत्तर येतं साधारण ६१. याला आरएमएसएसडी म्हणतात आणि बरीचशी घड्याळं आणि अंगठ्या हाच आकडा एचआरव्ही म्हणून दाखवतात (अर्थात चार नाही, शेकडो ठोके घेऊन). काही कंपन्या मात्र एसडीएनएन दाखवतात, म्हणजे सगळ्या अंतरांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, ते वेगळंच निघतं. त्यात वयाबरोबर हा आकडा उतरतोच, साठीत तो विशीच्या निम्म्यावर येणं काही विशेष नाही. काकांनी सुनेच्या आकड्याशी तुलना करायचं कारणच नव्हतं.

आता हे अंतर कमीजास्त होतं कशाने, खरी गंमत इथे आहे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, ठोका तिथून सुरू होतो. या पेशींना कोणी सांगावं लागत नाही. त्यांच्या आतलं व्होल्टेज उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपासून आपोआप हळूहळू वर सरकत राहतं, उणे ४० च्या आसपास पोचलं की पेशी पेटते, ठोका पडतो, व्होल्टेज परत खाली, परत सरकणं सुरू. सगळ्या नसा तोडून हृदयाला एकटं सोडलं तर ते मिनिटाला १०० च्या आसपास चालतं. हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसात नेमकं हेच दिसतं, कारण ऑपरेशनमध्ये नसा कापल्या जातात, त्यामुळे बसल्याजागी नाडी ९० ते ११० आणि ठोके जवळपास एकसारखे. मग तुमचीआमची नाडी बसल्यावर ७० कशी? तर मेंदूच्या बुडातून निघणारी वेगस नावाची नस हृदयावर सतत ब्रेक दाबून बसलेली असते. ब्रेक थोडा सोडला की नाडी वाढते, दाबला की उतरते. म्हणजे जिना चढायला लागल्यावर नाडी वाढते ती सुरुवातीला ॲक्सिलरेटरने नाही, ब्रेक सोडल्याने वाढते.

हा ब्रेक डोळ्यांनी बघायचा तर पूर्वी फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडकाच्या हृदयाचा प्रयोग असायचा, आता तो बंद झालाय आणि बेडकांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, पण मी विद्यार्थिनी असताना केलेला मला अजून जसाच्या तसा आठवतो. हृदयाच्या टोकाला बारीक आकडा, त्याला दोरा, दोऱ्याला तरफ, आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टेकलेलं. काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या उमटत जायच्या, एकेक टेकडी म्हणजे एकेक ठोका. मग वेगसला विजेचा हलका झटका द्यायचा, आणि टेकड्या थांबायच्या, सरळ रेघ. अख्खा वर्ग गप्प. झटका बंद केला की थोड्या वेळाने एक टेकडी, मग दुसरी, मग पूर्वीसारखं सुरू.

नस हृदयापर्यंत निरोप पोचवते कसा, विजेने की रसायनाने, यावर एकेकाळी मोठा वाद होता. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात तो सोडवला, १९२१ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली, रात्री उठून कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीच कल्पना परत आली तेव्हा तो तडक लॅबमध्ये गेला. दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याच्या वेगसला झटके देऊन ते मंद केलं, आणि ते हृदय ज्या द्रवात होतं तो द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंद झालं, नसेला हातही न लावता! म्हणजे द्रवात काहीतरी उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं, आणि १९३८ मध्ये नाझींनी ज्यू असलेल्या लोवीला तुरुंगात टाकलं, नोबेलचे पैसे काढून घेतले, मगच देश सोडू दिला. हे दर वर्षी वर्गात सांगताना मला राग येतो.

ॲसिटिलकोलीन सायनस नोडच्या पेशीवर एम२ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, त्याने आतलं जी-प्रोटीन सुटतं, ते थेट पोटॅशियमचं एक चॅनेल उघडतं. पोटॅशियम आयन धन भाराचे, ते बाहेर गेले की पेशी आतून आणखी ऋण होते, उणे ४० पर्यंतची चढण लांबते, पुढचा ठोका उशिरा पडतो. यात मधे फार पायऱ्या नाहीत, म्हणून परिणाम एका सेकंदाच्या आत दिसतो, आणि कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ॲसिटिलकोलीन लगेच तोडून टाकतं म्हणून तो संपतोही लगेच. ॲक्सिलरेटरचं, म्हणजे सिम्पथेटिक नसांच्या नॉरॲड्रेनलिनचं, तसं नाही. तिथे आधी रिसेप्टर, मग एन्झाइम, मग सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या, मग त्यातून चॅनेल, असा लांबचा रस्ता, परिणाम जमायला काही सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त. म्हणून एका ठोक्यातून लगेच पुढच्या ठोक्यात जो फरक पडतो तो जवळपास सगळा वेगसचाच, इतक्या झटपट दुसरं कोणी काम करूच शकत नाही. ॲट्रोपिन नावाचं औषध देऊन वेगसचा परिणाम रोखला की हा फरक जवळपास नाहीसा होतो. मनगटावरचा तो २२ किंवा ६० म्हणजे हे आहे, ब्रेक किती आणि कसा दाबला-सोडला जातोय त्याचा अंदाज. भावनांचा साठा वगैरे त्यात कुठेच येत नाही.

आता मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठ्याच्या बाजूला नाडी लागेल. सावकाश पाच सेकंद श्वास आत घ्या, पाच सेकंद सोडा. श्वास घेताना नाडी जरा घाई करते, सोडताना रेंगाळते. तरुण मुलांमध्ये इतकं स्पष्ट कळतं की पहिल्यांदा करणारे दचकतात. श्वास घेताना मेंदूतली श्वसनकेंद्रं वेगसचे निरोप तेवढ्यापुरते अडवतात, सोडताना मोकळे करतात. एचआरव्हीचा मोठा हिस्सा हाच.

आणि पाच-पाच सेकंदच का, तर त्यालाही कारण आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत ताण ओळखणारे सेन्सर असतात, बीपी वाढलं की ते मेंदूला कळवतात, मेंदू ब्रेक दाबतो, बीपी घटलं की सोडतो. पण हे चक्र पूर्ण व्हायला वेळ लागतो, त्यामुळे बीपी आणि नाडी साधारण १० सेकंदांच्या लाटेत वरखाली होत राहतात. तुमचा श्वासही १० सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला ६, की दोन्ही लाटा एकमेकींवर बसतात आणि नाडीचा चढउतार एकदम मोठा होतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या बर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता. त्यांनी २३ निरोगी लोकांना लॅटिनमधून जपमाळेची ख्रिश्चन प्रार्थना म्हणायला लावली आणि एक योगमंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि बीपी सांभाळणारी ही यंत्रणा जास्त चपळ झाली. म्हणजे परिणाम खरा आहे, पण तो कोणत्या देवाच्या नावाने म्हटलं त्याचा नाही, श्वासाच्या वेगाचा आहे. संध्याकाळी शांतपणे हरिपाठ म्हणणाऱ्या आजीला बरं वाटत असेल तर त्यातला एक भाग या लाटांचा असणार, असं मला मनापासून वाटतं. पण एक लक्षात ठेवा, अशा श्वासाने आकडा मोठा दिसतो तो त्यावेळी लाट उंच झाली म्हणून, ब्रेक कायमचा बळकट झाला म्हणून नाही.

मग मनाशी संबंध आहे की नाही? आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, भीतीची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डालाला आवरून धरतो, आणि याच साखळीचं खालचं टोक वेगसच्या केंद्रांपर्यंत जातं. थेअर आणि लेन या दोघांनी २००० साली हे मॉडेल मांडलं, की भावना सांभाळणं आणि हृदयाचा ब्रेक सांभाळणं यात मेंदूचं बरंच वायरिंग सामायिक आहे. काळजी लागली, रिझल्टची वाट बघतोय, घरात कोणी आजारी आहे, की वरचा लगाम सैल होतो आणि ब्रेकही सुटतो. डिप्रेशन आणि ॲन्झायटी असलेल्यांच्या गटात एचआरव्ही सरासरीने कमी आढळतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण सरासरीतला तो फरक लहान आहे, दोन्ही गटांतली बहुतेक माणसं एकमेकांच्या हद्दीतच असतात, शिवाय डिप्रेशनची काही जुनी औषधं स्वतःच हा आकडा पाडतात. त्यामुळे एकट्या माणसाचा आकडा बघून त्याचं मन सांगता येत नाही.

त्यात मनाशी संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी आकडा पाडतात. आपल्या नागपूरचा मे महिनाच घ्या. पारा ४५ च्या वर, रात्रीही घर तापलेलं, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं, अंगातलं पाणीही कमी. उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे रक्त वळवतं, नाडी वाढवावी लागते, म्हणजे ब्रेक सोडावा लागतो, सकाळी आकडा खाली. रात्री उशिरा सावजी मटण आणि सोबत दारू झाली तरी तेच. ताप, अपुरी झोप, सगळ्याचं तेच. आणि घड्याळ सहसा हा आकडा ईसीजीवरून काढत नाही, हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची लाट मोजतं, हात हलला किंवा एखादा ठोका मधेच आगाऊ पडला की हिशोब चुकतो. म्हणून झोपेतलं मोजमाप बघा, आणि तेही स्वतःचंच, आठवड्या-आठवड्याची सरासरी.

या सगळ्यावर बाजार उभा राहिलाय त्याचा मला खरंच त्रास होतो. वेगस रिसेट करणारे रील्स, एचआरव्ही वाढवणारी चुंबकीय ब्रेसलेट, हृदयाचं चुंबकीय क्षेत्र समोरच्याच्या भावना बदलतं असं सांगणारी शिबिरं. हृदयाला चुंबकीय क्षेत्र असतं हे खरं, पण ते पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा लाखो पटींनी क्षीण, ते मोजायलाच खास यंत्रं लागतात. तोंडावर गार पाणी मारल्याने वेगस जागी होते हेही खरं, पण ते तेवढ्यापुरतं. ब्रेसलेटचे पैसे वाचवा आणि नियमित चाला, चालण्याने बसल्याजागीची नाडी खरोखर उतरते.

डॉक्टरांसाठी मात्र हा आकडा खेळणं नाही. हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात २४ तासांचं एसडीएनएन ५० मिलिसेकंदांच्या खाली असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा ५ पटींहून जास्त निघाला. आणि आकडा मोठा म्हणजे चांगलाच, असंही नाही. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात ठोके अगदी वेडेवाकडे पडतात, घड्याळ त्यात भरघोस एचआरव्ही दाखवू शकतं, पण तिथे वेगसचा काही संबंध नसतो आणि मेंदूत गुठळी जाऊन लकवा मारण्याची भीती असते. नाडी श्वासाबरोबर लयीत बदलत असेल तर काळजी नाही. श्वासाशी काही मेळ नसताना कशीही धावत असेल, सोबत धाप किंवा चक्कर असेल, तर सरळ ईसीजी काढून घ्या.

काकांचा ईसीजी नॉर्मल होता. मनाचं विचाराल तर ते मी त्यांना घड्याळात न बघता तोंडाने विचारलं, झोप लागते का, जेवावंसं वाटतं का, आवडीच्या गोष्टीत मन रमतं का. मानसोपचारात डिप्रेशनची चौकशी अशाच प्रश्नांनी सुरू होते, मागच्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं असं विचारून. उत्तरं बरीच "नाही" अशी येत असतील तर एचआरव्ही २२ असो की ८०, डॉक्टरकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.