बल्ब पिवळा की भिंत पिवळी?

दिवाळीच्या तोंडावर घरं रंगवून झाली की गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक तक्रार हमखास येते : "पांढरा बल्ब मांगतला होता, हा पिवळा काऊन देल्ला जी?" डब्यावर ६५०० के छापलेलं असतं (के म्हणजे केल्विन, उजेडाचा रंग सांगणारा आकडा). दुकानदार तिथेच लावून दाखवतो तर बल्ब पांढराशुभ्र. घरी नेला की पुन्हा पिवळट. अशा वेळी बहुतेकदा बल्ब चांगलाच असतो आणि नवा रंग दिलेल्या भिंती आपलं काम करत असतात.

बल्बाचा रंग कारखान्यात ठरतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर फॉस्फरचा पिवळा थर असतो. काही निळा प्रकाश त्यातून तसाच बाहेर पडतो, बाकीच्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी साधल्याबद्दलच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. थर कसा आणि किती, यावर केल्विनचा आकडा ठरतो : तारेच्या जुन्या बल्बासारखा पिवळा उजेड २७०० ते ३००० ला, मधला ४००० ला, निळसर पांढरा ६५०० ला. आकडा चढला की उजेड 'थंड' दिसतो, हे उलटंच वाटतं, पण आहे तसंच. बल्ब कोणाच्याही घरी लावा, हा आकडा बदलत नाही.

भिंतीचं मात्र घरागणिक वेगळं. वहीच्या पानावर पडणारा सगळा उजेड थेट बल्बातून येत नाही. बराचसा आधी भिंतीवर, छतावर आपटतो आणि मग पानावर येतो. समजा, आंब्यासारख्या पिवळ्या भिंतीने उजेडाचा तांबडा भाग ७० टक्के परत फेकला आणि निळा भाग ३० टक्के. एकदा आपटल्यावर हे प्रमाण ७० ला ३० झालं. तोच उजेड समोरच्या तशाच भिंतीवर पुन्हा आपटला की ४९ ला ९ उरतं. म्हणजे तांबडा निळ्याच्या सव्वादोन-अडीच पट होता, तो साडेपाच पटीच्या जवळ गेला. खोली जितकी लहान आणि चारही भिंती जितक्या एकाच रंगाच्या, तितका हा खेळ वाढतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो सहज डोळ्यात भरतो. सभामंडपात कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथे एक गंमत आहे. शेणाने सारवलेली जमीन किंवा आतून दिसणारे कवेलू बऱ्यापैकी गडद, म्हणून वाटतं की तेच उजेड बिघडवत असतील. पण गडद पृष्ठभाग उजेड गिळतो, परत फारसं काही देत नाही. त्यामुळे खोली अंधारते, रंग थोडाच चढतो. खरा रंग चढवतात ते उजळ आणि भडक ऑइलपेंट : पोपटी, आंबा पिवळा, गुलाबी. ते भरपूर उजेड परत देतात, आणि तो रंगवून देतात. मोकळ्या टिनाचं छत मात्र जवळजवळ आहे तसाच उजेड परत पाठवतं.

चुन्यात नीळ घालून पोतारलेली फिकट भिंत ६५०० च्या बल्बाखाली आणखी थंड दिसते. नीळ जास्त पडून भिंत खरोखर निळीच झाली असेल, तर ३००० चा बल्ब तिथे मंद वाटतो, कारण त्यात निळा प्रकाश मुळात कमी आणि बाकीचा भिंत खाते. वॅट तेवढेच, तरी बाई म्हणतात, "याच्यात तर भाकर जळली का हेही दिसत नाही." पिवळ्या भिंतीवर ६५०० चा बल्ब लावला तर निळा भाग भिंत शोषते आणि उरलेल्यात किंचित हिरवट झाक दिसू शकते. लोक याच हिरवटपणाला 'डुप्लिकेट माल' म्हणतात.

शोधायचं कसं? कोरा पांढरा कागद बल्बाच्या अगदी जवळ, बल्बाकडे तोंड करून धरा. मग तोच कागद कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून धरा. दोन्हीकडे सारखाच पिवळा दिसला तर दोष बल्बाचा, किंवा निवडीचा. कोपऱ्यातच पिवळा झाला तर भिंतीचा. डोळ्यावर मात्र पुरता भरवसा ठेवू नका. खोलीत दोन-चार मिनिटं बसलं की मेंदू तिथला रंग पांढरा धरून चालतो. मोबाइलचा कॅमेराही आपणहून तेच करतो. त्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (कोणता रंग पांढरा धरायचा ती सेटिंग) एका आकड्यावर बांधून दोन्ही फोटो काढले तर फरक उघडा पडतो.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा फटका कापसाला बसू शकतो. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच साठवलेला असतो, कधी छतापर्यंत. पांढरा ढीग शेजारच्या भिंतीचा रंग लगेच घेतो, आणि रात्री पाहणाऱ्याला वाटतं, माल पिवळा पडला. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचायला बसणाऱ्यालाही हीच अडचण. प्रयोगशाळेत कापसाचा रंग यंत्र ठरावीक उजेडात मोजतं, उजळपणा वेगळा आणि पिवळेपणा वेगळा. घरी तेवढं नको, पण माल पाहायचा तर सकाळी ओसरीत आणून पाहा, आणि तिथेही रंगीत ताडपत्रीपासून दूर.

मिरची किंवा कुंकू तपकिरी दिसत असेल, तर ती तिसरीच बाब : बल्बात तांबडा भाग कमी आहे. डब्यावर सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ८० च्या वर आहे का ते बघा; ९० असेल तर उत्तम. केल्विन बदलून हे सुधारेलच असं नाही.

आणि भिंतीचाच दोष निघाला तर सगळं घर पुन्हा रंगवायची गरज नसते. आपल्याकडे होल्डर बहुतेक भिंतीवरच, दाराच्या वर असतो. तो सरळ समोरच्या भिंतीवर उजेड मारतो. छत आणि ती समोरची एक भिंत पांढरी करा, किंवा होल्डर वाकवून बल्बाचं तोंड पांढऱ्या छताकडे वळवा. आंबा पिवळा आवडत असेल तर तो बल्बाच्या मागच्या भिंतीला राहू द्या.