मेनहेडन किती उचलायचा? एका कोट्यामागचा इतिहास

मेनहेडन हा तारलीसारखा तेलकट, थव्याने फिरणारा मासा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो अमाप सापडतो, पण तिथल्या ताटात क्वचितच येतो. बराचसा फिशमील (माशांची पूड) आणि तेलाच्या कारखान्यात जातो, उरलेला लॉब्स्टर-खेकड्यांच्या सापळ्यात आमिष म्हणून. समुद्रातले गिऱ्हाईक वेगळेच: स्ट्राइप्ड बास, ब्लूफिश, देवमासे, शिवाय ऑस्प्रेसारखे मासेखाऊ पक्षी. तेव्हा माणसाने किती न्यायचा हे ठरवताना बाकीच्यांसाठी किती ठेवायचा, हेही ठरवावं लागतं.

हा दुसरा प्रश्न मत्स्यव्यवस्थापनाने बराच काळ बाजूला ठेवला होता. बेव्हर्टन आणि होल्ट या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलेली चौकट एका वेळी एकाच जातीचा हिशेब करायची. जाळ्यात न सापडता मेलेले सगळे मासे, मग ते कुणी खाल्लेले असोत की रोगाने गेलेले, ‘नैसर्गिक मृत्यू’ नावाच्या एका आकड्यात जमा होत. हा आकडा बहुधा अंदाजाने धरलेला, आणि वर्षानुवर्षं तोच.

उत्तर समुद्रात तो फोडून बघायचं ठरलं. १९८१ साली आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन परिषदेने कॉड, हॅडॉक, व्हायटिंग अशा मासेखाऊ माशांची हजारो पोटं उघडून आत काय आहे त्याची नोंद करवली. पिल्लांचा फडशा आधी धरला होता त्याहून कितीतरी जास्त पडतो, असं निघालं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत किळसवाणं आणि सर्वांत मोलाचं काम हेच.

१९८४ मध्ये जेफ्री पोलोविना यांनी हवाईजवळच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळबेटांसाठी ‘इकोपाथ’ हे कोण कुणाला खातं याचं मॉडेल मांडलं. प्रत्येक गटाचं उत्पादन, त्याला खाणारे, त्याची पकड, सगळ्याचा जमाखर्च जुळला पाहिजे, एवढीच अट. डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी मनिलातून ते जगभर नेलं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कर्नाटकच्या किनाऱ्यासाठी असं मॉडेल बांधलं. पण ताळेबंद एका काळापुरता असतो. मासेमारी दुप्पट केली तर पुढे काय होईल, हे तो सांगत नाही.

ते सांगण्याची सोय १९९७ मध्ये कार्ल वॉल्टर्स यांच्या ‘इकोसिम’ने केली, आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष नोंदींशी जुळवण्याची, खरी कटकट तिथेच सुरू झाली. वॉल्टर्स यांच्या मते भक्ष्य मासा सगळा वेळ उघड्यावर नसतो. तो लपतो, चरायला बाहेर येतो, पुन्हा लपतो. तो भक्षकाच्या तोंडी कितपत येतो, याचा प्रत्येक जोडीमागे एक आकडा लागतो आणि तो समुद्रात थेट मोजता येत नाही. म्हणून उलटीकडून जायचं: गेल्या काही दशकांची मासेमारी मॉडेलमध्ये घालायची, त्यातून निघालेला साठा आणि पकड सर्वेक्षणाच्या नोंदींशी ताडून बघायची, आणि फरक कमीत कमी होईपर्यंत ते आकडे हलवत राहायचे. अडचण अशी की हलवायला आकडे भरपूर आणि नोंदी मोजक्या. दोन अगदी वेगळ्या मांडण्या भूतकाळाशी सारख्याच छान जुळतात आणि भविष्याबद्दल परस्परविरुद्ध बोलतात. आलेखावर रेघ ठिपक्यांतून गेली म्हणून हुरळून जाऊ नये ते याचसाठी.

त्यामुळे अशी मॉडेल्स अहवालांत गाजली, तरी कोटा ठरवायला सहसा कुणी वापरली नाहीत. मेनहेडन हा ठळक अपवाद. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाने डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या पकडीवर पहिल्यांदा संपूर्ण किनाऱ्याची मर्यादा घातली, तीही एकाच जातीच्या हिशेबावर. पुढे साठाहून अधिक गटांचं मोठं मॉडेल तयार झालं, पण ते चालवायला जड. शेवटी मोजके भक्षक आणि मोजकी भक्ष्यं ठेवून आटोपशीर आवृत्ती केली आणि ती नोंदींशी जुळवली. ऑगस्ट २०२० मध्ये आयोगाने तिच्या आधारे नवा निकष स्वीकारला: स्ट्राइप्ड बासचा साठा त्याच्या ठरलेल्या पातळीवर टिकेल, इतपतच मेनहेडन पकडायचा.

घोळ निघाला तो जुन्याच जागी. खुणा लावून सोडलेल्या माशांच्या जुन्या नोंदींवरून मेनहेडनचा नैसर्गिक मृत्युदर काढला होता. त्या नोंदी पुन्हा तपासल्यावर तो जास्त धरला गेल्याचं दिसलं आणि २०२५ च्या आढाव्यात खाली आणला गेला. नैसर्गिक मृत्यू कमी, म्हणजे उरलेल्या मृत्यूंना मासेमारी जबाबदार; आणि तेवढीच पकड जर साठ्याचा मोठा वाटा असेल, तर साठाच लहान. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने २,३३,५५० टनांच्या कोट्यात निम्म्याहून अधिक कपात हवी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने वीस टक्के कापून तो १,८६,८४० टनांवर आणला, आणि तोही फक्त २०२६ सालापुरता.