बाळाची टोपी सैल का होते?

हिवाळा सुरू झाला की आमच्या दुकानातून टोपीची लोकर नेलेल्या ग्राहकांचे फोन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "कागदावर लिहिलेत तेवढेच टाके घातले, तरी टोपी डोळ्यांवर उतरते." त्यामागोमाग विचारणा होते, उसवलेली लोकर बदलून मिळेल का? ती मिळत नाही, आणि मग थोडी नाराजी होते. ती टळावी म्हणून हे पत्रक आता प्रत्येक टोपी-संचात घालतो. सुलट-उलट, टाके घालणं, कमी करणं, बंद करणं तुम्हाला येतं असं धरून चाललो आहोत.

वय सांगू नका, डोकं मोजा

"आठ महिन्यांच्या बाळाला किती टाके?" असं विचारलंत तर आम्ही उलट विचारू, की डोक्याचा घेर किती? टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. बाळ दूर असेल आणि भेट पाठवायची असेल, तर साधारण अंदाज असा: जन्मतः ३५ सेंमी, सहा महिन्यांना ४३, वर्षाला ४६, दोन वर्षांना ४८, तीन वर्षांना ४९ ते ५०. एकाच वयाच्या दोन बाळांत दोन-तीन सेंमीचा फरक सहज असतो, म्हणून फोन करून घेर विचारून घेतलात तर उत्तम.

या आकड्यांत एक गोष्ट दिसेल. पहिल्या वर्षात डोकं अकराएक सेंमी वाढतं आणि पुढच्या दोन वर्षांत मिळून जेमतेम तीन-चार. त्यामुळे टोपी वाढत्या अंगाची विणण्यात काही हशील नाही. स्वेटर मोठा झाला तर बाही दुमडता येते. टोपीचा घेर मोठा झाला तर ती डोळ्यांवर येते, नाहीतर मागे सरकते आणि कान उघडे पडतात. उलट टोपीचा घेर डोक्यापेक्षा तीन-चार सेंमी कमीच हवा. विण ताणली जाते आणि त्या ताणानेच टोपी डोक्यावर टिकते. वाढीची सोय करायचीच असेल तर ती उंचीत करा: काठ दोन सुलट-दोन उलट असा दहा सेंमी विणा आणि अर्धा बाहेर दुमडा. कानांवर दुहेरी ऊब मिळते आणि पुढच्या हिवाळ्यात दुमड उलगडता येते.

आता मुख्य मुद्दा: नमुना

संचातल्या लोकरीच्या लेबलवर १० सेंमीत २२ टाके, सुई ४ मिमी असं छापलेलं आहे. हा आकडा ज्याने विणून पाहिलं त्याच्या हाताचा आहे, तुमच्या हाताचा नाही. कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट. यात चांगलं-वाईट काही नाही, पण टोपीत त्याचा हिशोब चुकता होतोच.

डोकं ४४ सेंमी आहे असं धरा. टोपी हवी ४० सेंमीची, म्हणजे २२च्या हिशोबाने ८८ टाके. तुमचा हात थोडा सैल असेल आणि १० सेंमीत २०च टाके बसत असतील, तर तेच ८८ टाके ४४ सेंमी भरतात. टोपी डोक्याएवढी झाली, ताण संपला, आणि एका धुण्यात ती डोळ्यांवर आली. हात घट्ट असेल आणि २४ टाके बसत असतील तर तीच टोपी ३७ सेंमीपेक्षा कमी भरते आणि बाळाच्या कपाळावर वळ उठतात. दोन टाक्यांचा फरक सुईवर कळतही नाही.

म्हणून टोपीच्या आधी त्याच लोकरीचा, त्याच सुईवर एक चौकोन विणा, १५ सेंमीचा तरी. हाच नमुना. फक्त १० सेंमीचा विणून कडेपासून मोजणाऱ्यांचा आकडा हमखास चुकतो, कारण कडेचे टाके वेडेवाकडे असतात. मोजायचं मधे. टोपी गोल सुईवर विणणार असाल तर नमुनाही गोल विणलेला बरा. पुष्कळ जणांच्या उलट टाक्यांच्या ओळी जरा सैल पडतात आणि गोल विणताना त्या ओळी येतच नाहीत.

मग तो चौकोन धुवा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो (मेरिनो मेंढ्यांची मऊ) लोकर पाण्यात गेली की सैलावते आणि खरं माप वाळल्यावरच समजतं. टांगू नका, टॉवेलवर सपाट वाळवा. टाके आले कमी, तर सुई लहान घ्या. आले जास्त, तर मोठी. टाके कमी आल्यावर सुई तीच ठेवून टाक्यांचा हिशोब बदलणंही जमतं, पण सैल विणीतून वारा आत जातो. उबेसाठी विणत असाल तर सुईच बदला.

सुईबद्दल आणखी एक. जुन्या ब्रिटिश क्रमांकात ८ नंबरची सुई ४ मिमीची, अमेरिकन क्रमांकात ८ नंबर म्हणजे ५ मिमी. इंटरनेटवरच्या विणकामाच्या कृतीत नुसतं "आठ नंबर" दिसलं तर मिलिमीटर शोधा. ब्रिटिश क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन क्रमांक वाढतो तशी जाड.

"एवढा खटाटोप कोण करणार, टोपी दोन संध्याकाळी होते," असं ऐकवलं जातं. मान्य. पण न जमलेली टोपी पुन्हा उसवून विणायलाही दोन संध्याकाळी जातात. एका लहान टोपीला ४० ते ४५ ग्रॅम लोकर लागते, नमुन्याला दहा-अकरा. आमच्या संचात नमुन्याची लोकर धरलेली असते, म्हणून तो बाहेरच्या एका गुंड्यापेक्षा थोडा जड भरतो. नमुना उसवून शेवटी वापरलात तरी चालेल.

वरचा भाग

८८ टाक्यांचे आठ भाग करा, एकाआड एक फेरीत प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र. आठ उरले की धागा ओवून आवळा.

लोकर कोणती

थंडीसाठी मेरिनो. ती टोचत नाही, ओलसर झाली तरी ऊब धरते. ॲक्रिलिक धुवायला सोपं आणि टिकाऊ, फक्त इस्त्री लावू नका, विण कायमची लोळागोळा होते. सुती धागा आमच्याकडे आहे, पण हिवाळी टोपीसाठी मागितलात तर नको म्हणू: त्याला लवचीकपणा नाही आणि भिजला की गार पडतो. केसाळ, फुलवलेली लोकर बाळासाठी देत नाही. तिचे तंतू सुटतात आणि तोंडात जातात.

टोपीला गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नका. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांच्या मानकातही कपड्याला जोडलेल्या टोपीला (हूडला) आणि गळ्याशी नाड्यांना मनाई आहे. कान झाकायचे असतील तर काठ खोल करा किंवा कानपट्ट्या विणा, नाड्यांशिवाय. बटणं नकोत, गोंडा हवाच तर आतून पक्का शिवा. आणि घरात झोपताना टोपी काढा. बाळाच्या शरीराच्या पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. जास्तीची उष्णता तिथून जायला हवी.

परत घेणं, बदलणं

लेबल शाबूत असलेला, न उलगडलेला गुंडा आम्ही परत घेतो. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते, ती दुसऱ्या कुणाला नवी म्हणून देता येत नाही. एकाच टोपीचे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. दोन लॉटमधला रंगाचा फरक दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसतो. शंका असेल तर टाके घालण्याआधी धुतलेला, वाळलेला नमुना, डोक्याचं माप आणि लेबल घेऊन या. टाके आम्ही मोजून, हिशोब याच पत्रकाच्या मागे लिहून देऊ.