आकडा नंतर आला, सूचना आधी

फुटबॉलमध्ये ४-३-३ भारी की ४-४-२ (गोलकीपर सोडून मागे, मधे आणि पुढे किती जण, ही मांडणी म्हणजे फॉर्मेशन) हा वाद कुठेही निघाला की मला एकच विचारावंसं वाटतं, पोरांना मैदानात करायला काय सांगणार आहात? कारण मागे जाऊन बघा, फॉर्मेशन बदललंय ते प्रत्येक वेळी कुणाला तरी वेगळं काम दिलं म्हणून.

१८७२ साली ग्लासगोत इंग्लंड-स्कॉटलंड पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली, ०-० सुटली. इंग्लंडचे सात-आठ जण पुढेच, कारण तेव्हा खेळच तसा होता, बॉल मिळाला की ड्रिबल करत, म्हणजे पायाशी ठेवून एकट्यानेच पळत सुटायचं. स्कॉटलंडला पासिंग करायचं होतं म्हणून त्यांनी मागे जास्त माणसं ठेवली. पुढे पासिंग सगळ्यांनीच उचललं आणि २-३-५ रुळलं.

मग १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलला, पास खेळला जाताना गोललाइन आणि फॉरवर्डच्या मध्ये आधी समोरचे तीन जण लागायचे ते दोन झाले, आणि गोलांचा नुसता पाऊस. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने सेंटर हाफला (मधल्या तिघांतल्या मधल्याला) मागे ओढून सांगितलं की तू फक्त त्यांचा सेंटर फॉरवर्ड सांभाळ. त्याने मिडफिल्ड रिकामं पडलं म्हणून पुढचे दोघं खाली आले, आणि तयार झालं ते डब्ल्यूएम, कागदावर पुढचे पाच जण W सारखे आणि मागचे पाच M सारखे दिसतात म्हणून हे नाव.

हे डब्ल्यूएम उघडं पाडलं हंगेरीने, नोव्हेंबर १९५३, लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर ९ नंबर, म्हणजे सेंटर फॉरवर्डचा, पण त्याला सूचना होती खाली येऊन खेळायची. त्याला सांभाळणारा इंग्लंडचा हॅरी जॉन्स्टन पुरता कात्रीत सापडला, त्याच्यामागे गेला तर मधे भगदाड आणि जागेवर थांबला तर तो मोकळा. पहिल्याच मिनिटात गोल, शेवटी ६-३, त्यात हिदेगकुटीचे तीन. मला विचाराल तर स्ट्रॅटेजीच्या इतिहासात याच्याइतकी शिकवणारी मॅच दुसरी नाही.

ब्राझीलने १९५८ चा वर्ल्डकप ४-२-४ ने मारला, त्यात डावीकडचा झागालो सारखा मागे येऊन मदत करायचा, तेच १९६२ पर्यंत सरळ ४-३-३ झालं.

आणि ४-४-२ चं बघा ना. कोच साक्कीच्या मिलानने (इटलीचा क्लब) ते लावलं तेव्हा डिफेन्स आणि फॉरवर्डमध्ये जेमतेम २५ मीटर अंतर ठेवायचं, सगळ्यांनी एकत्र वर चढून प्रेस करायचं, म्हणजे बॉल असलेल्यावर दबाव टाकायचा, आणि १९८९, १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप आले. तेच ४-४-२ इंग्लंडच्या लेस्टर क्लबने २०१५-१६ ला लावलं आणि बरोब्बर उलटं खेळले, मागे बसायचं, बॉल खुशाल समोरच्याकडे राहू द्यायचा, मिळाला की पुढच्या वार्डीच्या धावेवर लांब टाकायचा, आणि तेही इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे चॅम्पियन! आकडा तोच, खेळ दोन टोकांचा.

२ मे २००९ ला रियाल माद्रिदच्या मैदानात, बर्नाबेऊत, बार्सिलोना कागदावर नेहमीसारखंच ४-३-३ होतं. त्यांचा कोच ग्वार्डिओलाने फक्त मेस्सीला उजवीकडून मधे आणलं आणि खाली उतरायला सांगितलं. रियालचे मधले डिफेंडर कानावारो आणि मेट्झेल्डर त्याच्यामागे जावं की थांबावं याच घोळात राहिले, जॉन्स्टनला ५६ वर्षांपूर्वी पडलेला तोच प्रश्न, आणि रियालची मॅच गेली ६-२ ने.