बाटल्याचं ग्रिल आणि पाइपचं ग्रिल: फरक एका जेटचा

जुनं गॅस ग्रिल बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी झाकण उघडतं, जाळी हलवून बघतं, गंज कुठवर गेलाय ते नखानं खरवडतं. चाकं फिरतात का, बटणावर ठिणगी पडते का, तेही बघतं. पण हे ग्रिल बाटल्याच्या, म्हणजे सिलिंडरच्या, गॅसचं आहे की पाइपच्या, हे दहातला एखादाच विचारतो. खरं म्हणजे पहिला प्रश्न हाच हवा.

आपल्या बडोद्यात तर हा घोळ हमखास होतो. इथे पाइपचा गॅस जुना, कित्येक घरांत बाटला आता माळ्यावरही नाही. त्यात अमेरिकेहून परतलेल्या किंवा जाऊन-येऊन असलेल्या कुटुंबांची तिकडून आणलेली मोठी ग्रिलं अलकापुरी-गोत्रीकडच्या बंगल्यांतून विकायला निघतात. त्यांतली काही प्रोपेनवर चालणारी असतात, काही नॅचरल गॅसवर. शेजारी शेजारी ठेवली तर मीही लांबून ओळखणार नाही. तेच स्टीलचं झाकण, त्याच चार तोट्या, तेच बर्नर.

धंद्याच्या सुरुवातीला मी दांडिया बाजारातल्या एका काकूंना असंच एक ग्रिल दिलं. त्यांना ते उत्तरायणला गच्चीवर हवं होतं. मी घासून-पुसून, नवी नळी आणि आपलं साधं रेग्युलेटर लावून बाटल्यावर जोडलं, पेटवून दाखवलं. दोन दिवसांनी फोन आला, "अहो, पनीर काळं पडतंय आणि डोळे चुरचुरतात. काहीतरी बिघडलंय, येऊन बघा." जाऊन बघतो तर वीतभर उंच पिवळ्या, आळसट ज्वाळा, आणि झाकणाला आतून काजळी. ग्रिल पाइपच्या गॅसचं होतं. मी ते तपासलंच नव्हतं. पैसे परत करून ग्रिल उचलून आणलं, आणि तेव्हापासून जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी टोक, काढून बघितल्याशिवाय एकही ग्रिल माझ्या शेडमधून बाहेर गेलेलं नाही.

असं का होतं, हे एकदा नीट समजलं की पुन्हा चूक होत नाही. बाटल्यातला गॅस म्हणजे एलपीजी, प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनमीटर मिथेन जाळून जेवढी उष्णता मिळते, तिच्या अडीच-तीनपट उष्णता तेवढ्याच एलपीजीतून मिळते. शिवाय दाबही वेगळा: घरगुती बाटल्याचं रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबानं गॅस सोडतं, तर पाइपचा गॅस शेगडीपाशी येतो तो साधारण २१ मिलिबारनं. म्हणजे पाइपचा गॅस हलका, कमी ताकदीचा आणि कमी दाबाचा. त्याच्याकडून तेवढीच आच हवी तर तो जास्त सोडावा लागतो, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं. व्यासात ते बाटल्याच्या जेटच्या दीडपटीच्या आसपास असतं.

आता पाइपच्या मोठ्या जेटमधून एलपीजी सोडा. हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त गॅस बर्नरमध्ये घुसतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काकूंच्या गच्चीवर हेच झालं. ग्रिल उघड्यावर होतं म्हणून निभावलं. बंद गॅलरीत हे जिवावर बेतू शकतं.

उलट केलं, म्हणजे बाटल्याचं ग्रिल पाइपवर जोडलं, तर धोका कमी पण पदरी निराशा. निळी, बुटकी, जेमतेम ज्योत येते, जाळी तापायला अर्धा तास लागतो. लोक म्हणतात बर्नर चोंदलाय. मग कोणीतरी जेटमध्ये पिन मारतं.

रॉकेलच्या स्टोव्हची ही सवय आपल्या हातांतून अजून गेलेली नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. जेट पितळेचं, पितळ मऊ. पोलादी पिन दोन-चार वेळा फिरवली की भोक लंबगोल होतं आणि ज्योत एका बाजूला झुकते. जेट चोंदलं असेल तर ते खोलून रॉकेलमध्ये भिजवा, पूर्ण सुकवा, हवेनं फुंका. आणि आधी बर्नरच्या मागची नळी बघा. बरेच महिने झाकून ठेवलेल्या ग्रिलमध्ये कोळी तिथे जाळं करतो. ते नळीच्या आत असल्यानं बाहेरून दिसत नाही, पण गॅस अडतो आणि ज्योत मागे, तोटीकडे येते. बाटलीचा लांब ब्रश घालून फिरवला की पांढरा कापसासारखा पुंजका बाहेर येतो.

मग ओळखायचं कसं? आयात ग्रिलच्या मागे किंवा दाराच्या आत एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर प्रोपेन की नॅचरल गॅस ते लिहिलेलं असतं. पट्टी जरूर वाचा, पण तिच्यावर विसंबू नका, मधल्या मालकानं जेट बदललेले असू शकतात. नळीवरून तर मुळीच ठरवू नका, नळी कोणीही कुठलीही लावतो. मी बर्नर उचलतो, तोटीच्या तोंडाचं जेट पान्यानं सैल करतो आणि तळहातावर घेऊन उजेडाकडे धरतो. मग ड्रिलच्या बारीक बिटांची मागची गुळगुळीत दांडी त्यात हलकेच घालून बघतो. ०.९ मिलिमीटरच्या आसपासची जेमतेम जात असेल तर बाटल्याचं. १.३ची सहज गेली तर पाइपचं. आकडा बर्नरच्या ताकदीप्रमाणे थोडा पुढेमागे होतो, पण दोन्हींतलं अंतर एवढं असतं की संशय राहत नाही. चारही जेट बघा. चारांत एक वेगळं असलेलं ग्रिलही माझ्याकडे आलेलं आहे.

जेटइतकंच रेग्युलेटर. अमेरिकेतलं प्रोपेनचं ग्रिल पाण्याच्या ११ इंच दाबावर चालतं, म्हणजे सुमारे २७ मिलिबार. आपल्या घरगुती रेग्युलेटरच्या ते इतकं जवळ आहे की जेट बदलावे लागत नाहीत, फक्त जोडणी बदलते. तिकडचा बाटला आट्यांचा, आपला दाबून बसवायचा. पण केटरिंगवाले मोठ्या भट्टीला जे चढ्या दाबाचं, फिरवून कमी-जास्त करायचं रेग्युलेटर लावतात, ते ग्रिलला कधीही लावू नका. ग्रिलच्या तोट्या त्या दाबासाठी बनलेल्याच नसतात.

गळतीच्या बाबतीतही दोघांचे स्वभाव उलटे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून बाटला ज्या कपाटात ठेवायचा त्याच्या तळाला भोकं असतात, आणि रंग देताना ती बुजवणं ही घोडचूक आहे. मिथेन हलका, वर जातो. तपासायची रीत मात्र दोन्हींना एकच: साबणाचा फेस प्रत्येक जोडाला लावायचा आणि बुडबुडे बघायचे. काडी पेटवून कधीही नाही. जुनी नळी तर मी विकतच नाही. आयएसआय छापाची नवी लावतो, तिच्यावरची तारीख गिऱ्हाइकाला दाखवतो.

एकाचं दुसरं करता येतं का? येतं. कंपनीचा जेटांचा संच मिळाला, आणि ज्या तोट्यांत मंद आचेचा वेगळा स्क्रू असतो तोही लावून घेतला, तर चांगलं होतं. संच नाही मिळाला तर हातानं भोक मोठं करून मी देत नाही, ग्रिल आहे त्या गॅसचंच विकतो. पाइपच्या ग्रिलला घरात वेगळा जोड लागतो, आणि तो गॅस कंपनीच्या माणसानंच काढून द्यायचा असतो, हेही आधीच सांगतो. त्यामुळे पाइपचं ग्रिल खपायला वेळ लागतो, मी ते कमी भावानं घेतो आणि कमी भावानंच देतो. बाटल्याचं डिसेंबरात दोन दिवस टिकत नाही. घेणाऱ्याला एवढंच सांगतो की ४०,००० बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) ग्रिल पूर्ण आचेवर तासाला किलोच्या आसपास गॅस पितं, तेव्हा गच्चीवर पाहुणे बोलवायच्या आधी बाटला हलवून बघा.

काकूंना नंतर मी दुसरं ग्रिल दिलं, बाटल्याचं. त्याच्या दाराच्या आत पक्क्या रंगानं लिहून दिलं: फक्त एलपीजी, जेट ०.९. आता प्रत्येक ग्रिलवर लिहितो.